नऊ विहिरींचे आकडे

३ मार्च, सोमवार

आकडे बदलले! हिशेब करणाऱ्या माझ्या स्क्रिप्टमधलं एक अक्षरही मी हलवलेलं नाही. शुक्रवारपर्यंत एकेचाळीसच्या एकेचाळीस विहिरी पिण्यायोग्य होत्या. आज बत्तीस. म्हणजे शनिवार-रविवारच्या सुट्टीत नऊ विहिरींतलं नायट्रेट वाढलं म्हणायचं! तीनदा चालवून पाहिलं. तिन्ही वेळा नऊ.

प्रबंध द्यायला बावीस दिवस राहिलेत.

४ मार्च

चोर सापडला — अपडेटराव. पलीकडच्या टेबलावर मातीचे नमुने तपासत बसतो. फोन, चष्मा, चपला, सगळं ताजं लागतं, म्हणून हे नाव मीच पाडलं. रविवारी येऊन त्याने प्रयोगशाळेच्या सामायिक कॉम्प्युटरवरची सगळी पॅकेजेस, म्हणजे तयार प्रोग्रॅम, नवी करून टाकली. जगभरच्या लोकांनी लिहून फुकट ठेवलेली, आम्ही सगळे ज्यांच्या जिवावर जगतो ती. दोनशे चौदा. एका दमात.

"अगं, निम्मी चार वर्षं जुनी होती. माझं काम अडलं होतं."

विचारायचं नाही का?

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

खरंय. म्हणून तर विचारायचं असतं!

वर शहाणपण — प्रत्येकाने आपापला संच वेगळा ठेवावा, कुठली व्हर्जन वापरतो ते लिहून ठेवावं. मला कळत नाही का ते? पण इथे पहिल्यापासून एकाच चुलीवर सगळ्यांची भांडी. आमच्या मार्गदर्शक सरांचा नियमच आहे, चालतंय ना, मग हात लावायचा नाही. मी चार वर्षं हात लावला नाही आणि त्याचं हे फळ.

५ मार्च

अपडेटरावशी बोलणं बंद केलंय. त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही, त्यामुळे आणखीच डोकं फिरतं.

६ मार्च

दिवसभर एकेक पॅकेज तपासत बसले. चारच्या सुमारास सापडलं. अगदी चिमुकलं — पाण्याच्या नमुन्यांची वार्षिक सरासरी काढणारं. बाकी काही करत नाही. जुनी व्हर्जन परत घालायला गेले तर नाही! "लेखकाने मागे घेतली आहे." एवढी एक ओळ. कारण नाही, दिलगिरी नाही.

फुकटचं आहे, मान्य. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत. पण म्हणून दावणीची गाय न सांगता सोडून न्यायची? कोण कुठला माणूस, त्याच्या लहरीवर माझी चार वर्षं!

८ मार्च

सरांच्या खोलीत अर्धा तास उभी. या विहिरींचा अहवाल दोन महिन्यांपूर्वीच पाणीखात्याला गेलाय. एकेचाळीसही विहिरी सुरक्षित, वर सरांची सही, खाली माझं नाव. सर म्हणाले, "जुने आकडे परत आण. कसे ते तू बघ. मशीन बिघडलं म्हणून विज्ञान बदलत नसतं." मला ते पटलं.

अपडेटरावला एक शब्द नाही. मला मात्र "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." चोर सोडून संन्याशाला फाशी!

९ मार्च

ताईच्या औषधाच्या दुकानात जाऊन सगळं ओकले. ती खोक्यांवरच्या तारखा बघता बघता ऐकत होती. मग म्हणाली, "कंपनीने एखादी बॅच परत मागवली, तर आम्ही आधी विचारतो, का म्हणून. तू विचारलंस त्याला?"

"मी का विचारू? त्याने सांगायला हवं होतं."

"म्हणजे नाही विचारलंस."

ताईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. घरी येऊन त्या लेखकाला पत्र लिहिलं. सौम्य लिहिणार होते, जमलं नाही. "लोकांची चार वर्षं एका बटणाने पुसताना आपल्याला काहीच वाटलं नाही का?" पाठवलं. बरं वाटलं.

११ मार्च

उत्तर आलं. निवृत्त रसायनशिक्षक आहेत, पॅकेज एकटेच सांभाळतात. चिडलेले नाहीत, तीच पंचाईत. लिहितात — जुन्या व्हर्जनमध्ये एक खोट होती. ज्या महिन्याची नोंद नाही, त्या महिन्याचं मोजमाप शून्य धरलं जायचं. "आपल्या विहिरी उन्हाळ्यात कोरड्या पडत असतील, तर सरासरी बरीच खाली आली असेल."

माझ्या विहिरी उन्हाळ्यात कोरड्या पडतात. काही तीन-तीन महिने.

म्हणजे नायट्रेट सुट्टीत वाढलेलं नाही. आधीपासून होतं. नायट्रेट सगळ्यात जास्त बाधतं ते तान्ह्या बाळांना, आणि त्याच पाण्यात आया त्यांची दुधाची पावडर कालवतात. ती ओळ तीनदा वाचली.

मग पुढचं वाक्य वाचलं आणि पुन्हा तापले. "पहिल्या दिवसापासून पॅकेज स्क्रीनवर इशारा देत होतं : रिकाम्या नोंदी शून्य धरल्या आहेत, तपासा. लोक तो वाचत नाहीत असं दिसलं, म्हणून नाइलाजाने व्हर्जन मागे घेतली."

साफ खोटं! मी रोज चालवते. चार वर्षांत एकदाही, एकदाही काही दिसलेलं नाही.

१२ मार्च

त्यांना खोटं पाडायला स्क्रिप्ट उघडली. सगळ्यात वर, पहिलीच ओळ — सर्व इशारे बंद. पुढे टीप : "लाल ओळींचा वैताग येतो." तारीख चार वर्षांपूर्वीची. माझीच. मी कधी लिहिली, तेही आठवत नाही.

म्हणजे तो बिचारा माणूस रोज सकाळी मला सांगत होता, आणि मी रोज त्याच्या तोंडावर हात ठेवत होते. आणि वर त्यालाच ते पत्र! लाज वाटते मला.

सरांना सांगितलं. म्हणाले, "आधी प्रबंध होऊ दे. मग सावकाश एक दुरुस्ती छापू. तोवर कुणाकडे जुनी व्हर्जन असेल तर मागून घे." म्हणजे चूक कळल्यावरही तीच हवी! लोक पाणी आज पितात, सर — ओठांवर आलं होतं. बोलले नाही. का नाही बोलले?

१३ मार्च

पाणीखात्यात फोन केला. अभियंता म्हणाला, "त्या नऊपैकी सात विहिरींचे पंप लोकांनीच बंद पाडले होते, मॅडम. बाळं आजारी पडतात म्हणायचे. तुमचा अहवाल दाखवून आम्ही त्यांची समजूत काढली आणि गेल्या महिन्यात पंप सुरू केले." म्हटलं, नऊही आजच्या आज बंद करा. म्हणाला, सरांचं पत्र लागेल. म्हटलं, ते येणार नाही, माझ्या नावावर करा. त्याने माझं नाव लिहून घेतलं.