बाबांच्या होडीचा साक्षीदार

गुयाव, ग्रेनेडा
११ फेब्रुवारी १९९४

प्रिय आल्स्टन,

तुला आणि पोरांना ताईचे अनेक आशीर्वाद. एकोणीस वर्षांनी माझं पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. गुडघा सोडला तर मीही धडधाकट आहे.

अरे, तुझी ताई ज्युरीत होती! नुसती ज्युरीत नाही, ज्युरीची म्होरकी! चर्चची निळी टोपी घालून भर कोर्टात उभी राहिले. आवाज असा खणखणीत लागला की बाहेरच्या भाजीवाल्यांनीसुद्धा ऐकला.

खटला जाळ्याचा. कॉस्मो नावाच्या कोळ्यानं चुलतभावाचं नवंकोरं जाळं सुरीनं फाडलं, असा आरोप. बघणारी एकटी आयोनी मासळीवाली, आणि तिचं कॉस्मोशी जुनं वाकडं. त्याचा वकील म्हणाला, "बाई, तुम्ही याच्यावर खार खाऊन आहात." ती ताडकन म्हणाली, "आहेच! म्हणून काय माझे डोळे फुटले?" सगळं कोर्ट हसलं. मला मात्र हसू आलं नाही.

शेवटी जज्जबाईंनी बजावलं, साक्षीदार एकच आहे, तिच्या मनात राग आहे, दुजोरा कशाचाच नाही, तेव्हा फार सांभाळून. झालं! आम्ही आत गेलो. आत काय बोललो ते सांगायचं नाही, शपथ आहे. पण मी जज्जबाईंना चिठ्ठी पाठवली, ती त्यांनी सगळ्यांसमोर वाचली, म्हणून तेवढं सांगते. मी लिहिलं होतं, "बायबलात दोघा-तिघांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी असं आहे. मग एकटीच्या शब्दावर शिक्षा कशी?"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "इथला कायदा दुसरा साक्षीदार मागत नाही. मी सावध राहा म्हटलं, सोडून द्या म्हटलं नाही. तिचं बोलणं नीट तपासा. धोका ओळखूनही तुमची पक्की खात्री पटली, तर एकटीचा शब्द पुरे. नाही पटली, तर सोडा."

आमची पटली. मी "दोषी" म्हटलं आणि खाली बसले, ती उठवेचना.

कारण बायबलातलं तेच वचन मी एकदा तुझ्या तोंडावर फेकलं होतं. बाबांची होडी जळाली तेव्हा तू म्हणालास, "ताई, लेनक्सनं रॉकेल ओतलं, मी पाहिलं." बाबांनी त्याला होडीवरच्या कामावरून काढलं होतं, हे साऱ्या गावाला ठाऊक. पण माझं त्याच्याशी लग्न ठरलेलं, झगा शिवून आलेला. मी म्हटलं, "तुझं त्याच्याशी पटत नाही म्हणून बरळतोस. दुसरा साक्षीदार आण." तू टोरांटोला गेलास. मी त्याच्याशीच लग्न केलं.

घरी आल्यावर तुझं बोलणं तपासलं, बाईंनी सांगितलं तसंच. तू तीनदा सांगितलंस, तिन्ही वेळा तेच. लेनक्सच्या डाव्या हाताला आग लागली, त्यानं तो वाळूत खुपसला, म्हणालास.

आता लिहितेच. होडी जळाली त्याच सकाळी लेनक्स माझ्याकडे आला होता. डावा हात भाजलेला. चुलीवर भाजला म्हणाला. मी कोरफड लावली, फडकं बांधलं, आणि तुझ्यासमोर गप्प बसले. बाबा वारले तेव्हाही गप्पच.

परवा जेवताना त्याला म्हटलं, "होडी तूच जाळलीस." त्यानं विचारलं, "कोण म्हणतं?" मी म्हटलं, "आल्स्टन. आणि मी." ताट तसंच टाकून तो भावाकडे गेला तो अजून आलेला नाही. आल्स्टन, मला रडू येत नाही, उलट इतकं मोकळं वाटतंय की काय सांगू! बाबांच्या थडग्यावर जाऊनही सांगून आले, मोठ्यानं.

क्षमा कर म्हणत नाही. तुला वाटलं तर ये. नाही वाटलं तरी गावात ज्याला त्याला मी हेच सांगणार आहे.

तुला खोटारडा म्हणणारी, आणि तेव्हापासूनच तुझी दुसरी साक्षीदार असलेली,
ताई