शेजारीण कशी जेवते?

धामणगाव बढे,
रविवार

प्रिय मयुरी,

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून. आज मला तू गप्प बसलेली हवी आहेस.

आधी तुझ्या विद्यार्थिनीची प्रगती ऐक. गावातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायांसाठी विहारामागच्या खोलीत रोज दुपारी एकत्र जेवण सुरू करायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यासाठी निधी मागायचा तर प्रकल्प प्रस्ताव लिहावा लागतो, आणि पुण्याच्या तुझ्या संस्थेत तू ते रोजच लिहितेस, म्हणून तुझ्या गळ्यात पडले. 'उद्दिष्ट' या रकान्यात मी 'वरण, भात, भाजी' लिहिलं होतं, तेव्हा किती हसलीस तू! स्वयंपाक हे काम झालं, त्यानं त्या बायांच्या आयुष्यात काय बदलेल ते उद्दिष्ट, असं मग तू शांतपणे समजावलंस. आणि तो बदल झाला की नाही हे वर्षाअखेरीस कळायला हवं असेल तर आजची स्थिती आधी नोंदवून ठेव, हेही. शाळेत माझ्या गणिताच्या वहीत डोकावणारी तू आता माझी मास्तरीण झालीस. मला तुझा फार अभिमान वाटतो. लिहूनच टाकते, कारण तोंडावर काही मी सांगणार नाही.

तर मी आजची स्थिती नोंदवायला घरोघर निघाले. सुरुवात केली ती गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या पंचफुलामावशीपासून. दुपार टळत आली होती, चूल थंड होती, टोपल्यात सकाळची अर्धी भाकरी. मावशी, एकटीच जेवतेस का, कधी न जेवता राहतेस का, असं मी विचारलं. ती ताडकन म्हणाली, "माह्या पोरानं मले काई कमी पडू देल्लं नाई. लिही तसं." मी लिहिलं. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. आपल्या लेकराची अब्रू कोण अशी कागदावर उतरू देईल? माझ्या पाहणीचा निष्कर्ष असा निघाला की धामणगावात एकही म्हातारी एकटी जेवत नाही आणि माझ्या प्रकल्पाची कुणालाच गरज नाही. मी अगदी रडकुंडीला आले होते.

मग तूच तोड काढलीस. तिला तिच्याबद्दल विचारूच नकोस, शेजारीण कशी जेवते ते विचार, म्हणालीस. काय प्रश्न दिलास गं! त्याच पंचफुलामावशीनं मला खाट झटकून बसवलं आणि सगळी गल्ली माझ्यापुढे मांडली. कोण चहात पाव बुडवून दिवस काढते, कोणाला एकटीसाठी भाकरी थापायचं जिवावर येतं, सगळं. मावशीचं स्वतःचं काय चाललंय ते मला पलीकडच्या घरात कळलं. कुणी कुचेष्टेनं नाही सांगितलं; एकमेकींची काळजीच होती त्यात, थोडा मसाला लावलेली.

आता प्रस्ताव भक्कम झालाय. आकड्यांनी कुणाचं मन हलत नाही, एका बाईची हकीकत घाल, असं तू म्हणाली होतीस, तीही नाव न देता घातली आहे. ती बाई दुपारी ताट घेऊन दारात बसते. येणाऱ्याजाणाऱ्याला "ये वं, घासभर खाय" म्हणते. कुणी थांबलं तर तिचं जेवण होतं, नाहीतर ताट झाकून आत नेते. संध्याकाळी लेकीचा फोन आला की आज कोणती भाजी केली ते रंगवून रंगवून सांगते.

मयुरी, हे पत्र पोचल्याचं तू कळवलंस की मगच तो प्रस्ताव तुला तपासायला पाठवणार आहे. माझी वाक्यं सुधारत सुधारत तू त्या हकीकतीपर्यंत येशील आणि तिथं ऑफिसात, चार लोकांत बसून तिला ओळखशील, हे मला सहन होईना. ती आपली जनकाकाकू आहे गं. तुझी आई. गल्लीतल्या प्रत्येकीनं पहिलं नाव तिचंच घेतलं. मी तिला विचारायला गेले तर म्हणाली, "माही मयुरी रोज फोन करते. मले काय कमी हाये?" खोटं नाही ते, तू करतेसच. तुला बोल लावायला मी लिहीत नाही. तू माझी लाडकी आहेस आणि तीही. हवं तर ती हकीकत काढून टाक, मी दुसरी लिहीन. पण एकदा ये. मलकापूरला उतर, मी स्टेशनवर न्यायला येते. फक्त काकूला आधी कळवू नकोस. कळवलंस तर ती पुरण घालून, साऱ्या शेजारणी गोळा करून बसेल आणि तुला घर भरलेलं दिसेल. न सांगता ये, दुपारी, जेवणाच्या वेळेला.

तुझीच,
सारिका