उंबरधारेचे पाणी वर जाते काय

शके १७८६, श्रावण शुद्ध १२. अमरावती.
या नोंदींतून एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे: पाणी वर जात नाही. गाविलगडाखालच्या दरीत पडणाऱ्या उंबरधारेचेही नाही.

विरुद्ध पक्ष आमच्या सौ.चा. तिचे बालपण गडावर गेले. वडील तेथे कारकून होते. आठव्या वर्षी लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हापासून सत्तेचाळीस वर्षे तेच वाक्य: "आमच्या धारेचं पाणी वर जातं." प्रत्यक्षाने बाधित विधान कसे असते हे विद्यार्थ्यांस समजावताना मी नेहमी हेच उदाहरण दिले. विद्यार्थी हसत. ती आत पोळ्या लाटीत असे, आणि मधले दार उघडे असे.

चैत्रात तिच्या डाव्या अंगावरून वारे गेले. वाचा शाबूत आहे, चालणे नाही.

श्रा. शु. १४.
सौ. म्हणाली, "एकदा मला तिथं घेऊन चला."
मी तीन कारणे दिली. पावसाळा, घाटाची वाट, आणि डोलीचे भोई सारे आगगाडीच्या मातीकामावर गेलेले.
"बरं," म्हणाली. या 'बरं'चे खंडन मला आजवर जमलेले नाही.

उपाय सुचला आहे. मुंबईचा एक तसबीरवाला, रुस्तमजी, अकोल्याचे काम आटोपून इकडे उतरला आहे. कापसाने श्रीमंत झालेली मंडळी गाठीवर हात ठेवून त्याच्या यंत्रापुढे उभी राहतात. उंबरधारेचे चित्र काढवून आणावे. पाणी खाली पडताना तिला घरबसल्या दिसेल. वादही संपेल आणि इच्छाही पुरी होईल.

श्रा. शु. १५.
रुस्तमजी ताबडतोब तयार. "शास्त्रीजी, शेटलोकांची पोटं काढून कंटाळलो. ऐन वेळी श्वास सोडतात न् चित्र बिघडते. तुमचा डोंगर तरी गप उभा राहील."
सौ.ला बेत सांगितला. तिने विचारले, "तुम्ही जाणार?"
"हो."
"स्वतः?"
तिने उजव्या हाताने लाडवांचा डबा माझ्याकडे सरकवला.

श्रा. व. ४. अचलपूर.
काळ्या मातीत गाडीचे चाक आसापर्यंत रुतले, दोनदा. रुस्तमजीस काळजी फक्त बाटल्यांची. काचेला लावण्याचे जे पातळ रसायन, ते कापूस तेजाबात मुरवून करतात असे तो सांगतो. मला आधी थट्टा वाटली. खरे आहे.

श्रा. व. ६. घाटात.
गाडी खाली सोडली. पुढे पायी. वाटाड्या दाजी गवळी. डोंगरावर म्हशी राखतो. यंत्राच्या पेट्या त्याच्या आणि त्याच्या भावाच्या डोक्यावर.
वाटेत दोन धारा लागल्या. पहिलीपाशी रुस्तमजीने काळा तंबू ठोकला. काच ओली आहे तोवर चित्र घ्यायचे आणि तंबूत शिरून लगेच धुवायचे, असा नियम. पावसाने भिंगावर थेंब, काच वाया. दुसरीपाशी, भिंगाचे झाकण उघडे असेतो आकडे मोजण्याचे काम मजकडे आले. बारापर्यंत मोजले. चित्रात कातळाची प्रत्येक भेग उमटली. पाण्याच्या जागी मात्र पांढरा पट्टा, धुरासारखा.
"हलेल ते पुसले जाते," रुस्तमजी म्हणाला. ही अडचण मी आधी विचारात घ्यायला हवी होती.
सहा कोस चाललो असू. तिचे लाडू दाजीसही दिले.

श्रा. व. ७. उंबरधार.
सकाळी धुके. दुसऱ्या प्रहरी उघडले. कड्याच्या काठी एका उंबराखाली पोहोचलो.

जे पाहिले ते क्रमाने लिहितो. ओढा कड्यावरून सुटतो. दोन पुरुष उंचीइतका खाली जातो. दरीतून वाऱ्याचा लोट येतो, आणि ते पाणी, सगळेच्या सगळे, उलट फिरून कड्याच्या वर उठते आणि मागे माळावर पडते. माझ्या तोंडावर पडले. वारा ओसरला की पुन्हा खाली. पुन्हा लोट, पुन्हा वर.

दाजी: "बुवा, काहून उभे राह्यले भिजत? मांगं सरका."
मी विचारले, हे नेहमी होते काय.
"वारा असला का होते. लहानपणी आमी इथंच आंघोळ करो. खाली उतराची गरजच नाई."

मी तेथेच उभा राहिलो. आठ वर्षांची एक मुलगी परकर भिजवीत कुठे उभी राहत असेल, ती जागा शोधीत होतो. शेजारी कोणी असते तर दाखवावेसे वाटले. कोणी म्हणजे कोण, हे येथे लिहिण्याची आवश्यकता नाही.

तीन काचा घेतल्या. एक फुटली, एक काळवंडली, एक साधली. तीत कडा, उंबर आणि पांढरा धूर. वर की खाली, ते चित्र सांगत नाही.

श्रा. व. ८. परतीची वाट.
दाजीस सौ.विषयी सांगितले. भोई नाहीत म्हणून आणता आले नाही, असेही.
तो थांबला. "भोई कायले पाह्यजे? या पेट्या आनल्या ना आमी. माय काय पेट्यायपेक्षा जड हाय? खुर्ची बांधली असती दोन बांबूले. मले सांगाचं होतं."
रुस्तमजी दुसरीकडे पाहू लागला. मी खालच्या वाटेकडे.

श्रा. व. १२. अमरावती.
काल सायंकाळी पोहोचलो. काचेमागे काळी मखमल ठेवली की चित्र दिसते. तसे धरून सौ.पुढे केले. तिने बराच वेळ पाहिले.
"हे उलटं आहे."
मी म्हणालो, मी स्वतः पाहून आलो, असेच आहे.
"अहो, उंबर या हाताला. धारेकडे तोंड केलं की उजवीकडे. आम्ही त्याच्या मुळ्यांना धरून उभ्या राहायचो, नाहीतर वाऱ्यानं गेलो असतो."

रुस्तमजीकडे गेलो. तो हसला. "बाईंचं बरोबर आहे. अशी काच आरशासारखी दाखवते, डावं ते उजवं." मी पाच दिवसांपूर्वी त्या उंबराखाली उभा होतो, मला आठवत नव्हते. तिला सत्तेचाळीस वर्षांनंतर आठवते.

घरी येऊन सांगितले: उंबर उजवीकडे. आणि पाणी वर जाते.
ती म्हणाली, "विद्यार्थ्यांना आता दुसरं उदाहरण शोधावं लागेल तुम्हाला." थोडे हसली. मग भिंतीकडे तोंड करून: "एकटेच भिजून आलात."

भाद्रपद शु. २.
वैद्य नाडी पाहून गेले. पुढच्या पावसाळ्याविषयी विचारले असता त्यांनी पिशवीचे बंद आवळले आणि पथ्य सांगितले. दाजीस निरोप पाठवला आहे: दरीतला वारा केव्हापर्यंत टिकतो, आणि खुर्ची किती रुंद हवी. उत्तर अजून नाही. ओढ्याचे पाणी रोज कमी होत असणार.

सौ.ने आज काच मागून घेतली. उशाशी ठेवली आहे.

आरंभीची प्रतिज्ञा खोटी ठरली, पण माझी चूक ती नव्हे. ज्ञान सुधारता येते. चूक एक, ती अशी: सत्तेचाळीस वर्षे ती मला सोबत बोलावीत होती, आणि मी तिच्याकडे पुरावा मागत राहिलो.

नीलकंठशास्त्री