डॉक्टरकडे जाण्याआधीचं मलम

आई,

दीड महिन्यामागं तुझ्या पाठीवरचे चट्टे मी पुन्हा पाहिले, दुसऱ्या बाईच्या पाठीवर. सिरसाळ्याकडची, ऊसतोडीला जाणारी. मी विचारायच्या आधीच नवरा म्हणाला, "पाचटाचं हाय मॅडम, दरसाली उठतंय." तूही हेच म्हणायचीस. चट्टे फिकट, गुळगुळीत दिसले म्हणून विचारलं, मलम लावलंय का? ती लाजली. "मोठ्या डाक्टरकडं यायचं म्हून पंधरा दिस चोळलं. घाण अंग कावून दाखवायचं?"

आता मी कातडीची डॉक्टर आहे. तपासणीसाठी कातडीचा तुकडा मीच काढते, सूक्ष्मदर्शकाखाली काचेवरही मीच बघते. त्या दिवशी काढला नाही. मलम बंद करा आणि महिन्यानं या, म्हटलं. नवरा तापला, "टोळी निघालीय. मुकादम थांबतो का?" मग मी मुकादमाला फोन लावला आणि चांगली खडसावून बोलले. तुझी जीभ आलीय माझ्याकडं.

ती महिन्यानं आली, चट्टे लालभडक घेऊन. तुकडा काढला, त्यावर रंग चढवले. पेशींच्या अंगावर ठराविक प्रथिनं असतात, ती असली की रंग तपकिरी उठतो. कातडीच्या वरच्या थरात घुसलेल्या पेशींवर सीडी-४ हे प्रथिन ठळक होतं, निरोगी पेशींवर असणारं सीडी-७ जवळजवळ पुसलेलं. मोठ्या पेशी नाहीत, आजार पुढं गेला की वाढणारं सीडी-३० कुठंतरी तुरळक. एकट्या रंगावर मी विसंबत नाही, पण चट्टे, तुकडा आणि रंग एकच सांगत होते. कातडीचा लिम्फोमा, पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, पण सुरुवातीचा. अतिनील दिव्याच्या उपचारानं आटोक्यात राहील, हे मी तिला परवा ठामपणे सांगितलं. ती म्हणाली, "मंग पुढल्या साली कोयता धरीन की." मी हसले. फार बरं वाटलं.

तुझा तुकडा काढायच्या आधी तीन आठवडे मीच तुला मलम चोळत होते. डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होते, ट्यूब मोठ्या ऐटीत मीच आणली होती. रिपोर्टात साधं इसब आलं आणि आपण पेढे खाल्ले. गाठी उठेपर्यंत दोन वर्षं गेली.

मलमानं तुकड्यातल्याही खुणा झाकतात, हे मी शेवटच्या वर्षाला शिकले. तेव्हा तू अजून होतीस. पाठीला तेल लावून घेताना म्हणायचीस, "तुझ्या हाताला लई गुण हाय." मी तेल लावत राहिले. सांगितलं नाही.