निळ्या खुणेचे उंदीर

३ मार्च
आई पुन्हा कॉलेजचं घेऊन बसली. ताटावरून उठलो. सुटलं ते सुटलं! तिथेच कुजत राहिलो असतो तर प्रयोगशाळेत आलो नसतो, आणि ती भेटली नसती.

४ मार्च
दिवसभर उंदरांचे मेंदू. जिवंत उंदराच्या मेंदूचा फोटो काढतात. कॅन्सर तिथवर पसरला की पांढरे ठिपके दिसतात. संगणकाला शिकवलंय, तो ठिपक्यांभोवती रेषा काढतो. चुकला की मी दुरुस्त करतो. त्यावरून गाठ केवढी ते ठरतं. अर्ध्या उंदरांना तिने शोधलेलं औषध, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. पिंजऱ्यांना लाल नाहीतर निळी खूण, फोटोंनाही तीच. औषध कुठल्या रंगाला, ते मला सांगत नाहीत — मोजणाऱ्याला कळलं की हात वाकडा पडतो म्हणे.

ती मला ‘अर्धे शास्त्रज्ञ’ म्हणते. दुसरं कोणी म्हणालं असतं तर थोबाड फोडलं असतं.

९ मार्च
लवकर गेलो. ती निळ्या पिंजऱ्यांपाशी होती. एकेकाला हातात घेऊन पाठीवरून बोट फिरवत होती. लाल पिंजऱ्यांची फक्त पाण्याची बाटली बघितली आणि पुढे. रोज असंच. म्हणजे औषध निळ्यांना! आंधळ्यालाही कळेल.

मी उंदीर असतो तर बरं झालं असतं.

१२ मार्च
साहेबांनी तिला सुनावलं — फरक दिसला नाही तर गाशा गुंडाळा. तिच्या चहावर साय धरली तरी कप उचलला नाही.

गेली तर मी कुणासाठी येऊ इथे?

१३ मार्च
केलं. निळ्यांच्या सगळ्या रेषा आत ओढल्या. गाठींची कड मुळातच धूसर, कोण भांडणार? लालना हात लावला नाही. औषध लागू पडल्यासारखं दिसू दे. ती राहिली पाहिजे. बाकी सगळं खड्ड्यात जाऊ दे!

१९ मार्च
फरक नाही. दोन्हीकडच्या गाठी सारख्याच निघाल्या. एवढं ओढूनही! औषध अगदीच कुचकामी असणार. साहेबांनी काम बंद केलं. उंदीर संपवले.

आई जेवायला हाका मारतेय. मारू दे.

२१ मार्च
तिने टेबल आवरलं. जाताना म्हणाली, “तू तरी मन लावून मोजलंस.”

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, मॅडम, तुम्ही निळ्यांपाशीच का थांबायचात?

“त्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचायचे ना रे. वाईट वाटायचं.”