थोरलीची उंची, धाकटीचे पाय

मी, खाली सही करणारी आर्लीन नेपियर, वय चौसष्ट, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार पायनी गॅप, केंटकी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल विचारत नाही, असे वकील व्हिटेकर म्हणतात. कारणे लिहायची गरज नाही, असेही ते म्हणाले. कारणे न लिहिता माझ्याच्याने सही होणार नाही.

कलम एक. माझे राहते घर, मागच्या शेडसह आणि आतील सामानासह, माझी धाकटी बहीण ट्विला नेपियर हिला मिळावे. तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मला काय करायचंय तुझं घर? एवढ्या उंचावर कपाटं लावलीत, माझा हात तरी पोचतो का?" कपाटे खाली घेण्याचा खर्च माझ्या मालमत्तेतून व्हावा.

हे घर मी शिक्षिकेच्या पगारातून घेतले. नोकरी पदवीमुळे मिळाली, आणि पदवी मी पाच फूट अकरा इंच होते म्हणून. ट्विला पाच फूट तीन.

ती माझ्याहून वर्षाने लहान. आजारपणात माझे एक वर्ष बुडाले आणि आम्ही एका वर्गात आलो. शाळेच्या बास्केटबॉल संघात आम्ही दोघी गार्ड होतो. म्हणजे चेंडू पुढे आणायचा, खेळ मांडायचा, आणि समोरची गार्ड आली की तिला अडवायचे. ट्विला हे सगळे माझ्याहून चांगले करायची. हे मी नम्रपणे म्हणत नाही. आमच्या डोंगरात कोणालाही विचारा.

शेवटच्या वर्षी एका कॉलेजच्या प्रशिक्षक ब्रँटबाई आम्हाला पाहायला आल्या. त्यांच्याकडे गार्डची एकच जागा होती. ज्या मुलीला ती मिळेल तिचे शिक्षण फुकट. त्यांनी आम्हा दोघींनाच एकमेकींसमोर खेळवले. ट्विलाने माझ्या हातातून इतक्यांदा चेंडू नेला की शेवटी मी तिच्याकडे बघायचेच सोडले. डॅडी दाराशी उभे होते. कोळशाचा ट्रक बाहेर सुरूच ठेवून आले होते.

"एकच जागा आहे, मिस्टर नेपियर," बाई म्हणाल्या. "मी थोरलीला नेते."

"धाकटीला न्या," डॅडी म्हणाले. "थोरलीला ती उभं राहू देत नाहीये. दिसलं ना तुम्हाला?"

"दिसलं. पण आमच्यासमोर येणाऱ्या गार्ड पाच फूट दहाच्या असतात. हिच्या डोक्यावरून त्या आरामात चेंडू टाकतील. थोरलीच्या पायांवर मला मेहनत घेता येईल. धाकटीची हाडं कुठून लांब करू?"

ट्रकमध्ये आम्ही तिघे पुढेच बसलो. मी रडत होते. ट्विला म्हणाली, "अगं, रडतेस काय? तुला घेतलंय. मला नाही."

त्या सप्टेंबरात मी कॉलेजला गेले आणि ती शर्टाच्या कारखान्यात.

मी काही चोरले नाही. बाईंच्या पुढे पुढे केले नाही, ट्विलाबद्दल वाकडा शब्द बोलले नाही. लाज वाटते, पण चूक दाखवता येत नाही. आणि चूक नाही म्हटल्यावर माफी तरी कशाची मागू? तिच्यासमोर मी पंचेचाळीस वर्षे जराशी वाकून उभी राहते. ती ओरडते, "सरळ उभी राहा गं, म्हातारी दिसतेस."

कलम दोन. शेडमधली ॲल्युमिनियमची शिडी चुलतभाऊ लॉनी याला द्यावी. चर्चच्या पायऱ्यांवर तो सगळ्यांदेखत मला शिडी म्हणायचा. आता खरी घे. बाकी हत्यारे, डॅडींच्या पान्यांसह, ट्विलाचा मुलगा ड्वाइट याला. मात्र त्याने ती पावसात ठेवू नयेत.

कलम तीन. कॉलेजचे जॅकेट कोणालाही देऊ नये, शाळेलाही नाही. दुसऱ्या हिवाळ्यात ते घालून मी एक सामना खेळायला गेले, तेव्हा डॅडी आणि ट्विला डोंगर ओलांडून आले होते. समोरची गार्ड ट्विलाएवढीच होती, आणि ट्विलासारखीच. मी वळेपर्यंत ती निघून गेलेली असायची. लोक हसायला लागले. मला बाहेर बसवले, तेव्हा मी वर, त्या दोघांकडे, पाहिले नाही.

नंतर डॅडी म्हणाले, "मी त्या बाईला सांगितलं होतं. चपळाई पाहिजे."

"काही नाही हं डॅडी," ट्विला म्हणाली. "मी असते तर त्यांच्या त्या दुसऱ्या उंच पोरीने माझ्या डोक्यावरून चेंडू टाकून टाकून जीव नकोसा केला असता. उंचीच लागते."

तेव्हापासून हा वाद आमच्या जेवणाच्या टेबलावर कायमचा बसला. डॅडी मरेपर्यंत चपळाईच्या बाजूने बोलले, ट्विला उंचीच्या. बटाटे पुढे सरकवत दोघे भांडायचे. मी घेवड्यात मक्याचा पाव कुस्करत राहायचे. ती माझ्यासाठीच उंचीची बाजू घेते, हे मला कळायचे, आणि मी पाव आणखी बारीक करायचे.

कलम चार. शाळेच्या जिममधला माझा फोटो उतरवावा. गावातून कॉलेजात खेळलेली पहिली मुलगी म्हणून तो लावला, त्या समारंभाला ट्विला बटाट्याचे सॅलड करून घेऊन आली आणि मागच्या घडीच्या खुर्चीवर बसली. तोवर कारखाना बंद पडला होता. ती शाळेची बस चालवायची आणि संध्याकाळी मुलींना खेळ शिकवायची. मुख्याध्यापक माझ्या चपळाईबद्दल बोलले. सगळ्यांत आधी टाळी तिने वाजवली. मला भाषण करायचे होते. मी 'थँक यू' म्हणून खाली बसले.

कलम पाच. बँकेतील माझी सर्व शिल्लक शेल्बी रिची या मुलीच्या कॉलेजसाठी खर्चावी, आणि उरल्यास तिच्यानंतर, संघात असून कॉलेजने न निवडलेल्या मुलींसाठी. अर्जात उंची विचारू नये. वेगही विचारू नये.

शेल्बी कोण, ते सांगते. गेल्या हिवाळ्यात एका कॉलेजने ट्विलाला फोन करून एका गार्डचे नाव मागितले. तिच्याकडे दोघी होत्या: शेल्बी, बुटकी आणि विजेसारखी, आणि मॅकेना, सहा फुटांची. आम्ही ट्विलाच्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत होतो.

"कोणाचं नाव दिलंस?" मी विचारले.

"मॅकेनाचं."

"शेल्बी तिला रोज लोळवते. तूच सांगतेस."

"लोळवते ना."

"मग, ट्विला? तू? तुला तरी..."

तिने हातातली शेंग खाली ठेवली. "त्यांनी विचारलं, तिथे कोण टिकेल. मला वाटलं ते सांगितलं. तुझ्यासाठी नाही सांगितलं, आर्ली. डॅडींसमोर बोलायचे तेसुद्धा तुझ्यासाठी नव्हतं. ब्रँटबाई बरोबर होत्या. मीसुद्धा तुलाच नेलं असतं."

"आणि शेल्बीचं काय?"

"शेल्बी रडली. मी तिला घरी सोडून आले." मग ती म्हणाली, "चल, आटप. पाणी उकळलंय."

त्या क्षणी मला हायसे वाटले. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात मी ताठ बसले. शेल्बी कुठल्या खोलीत उशीत तोंड खुपसून पडली असेल, हे मला तेव्हा आठवलेही नाही. आठवले ते दुसऱ्या दिवशी, तिला बसमधून उतरताना पाहिले तेव्हा. बाकीची लाज माझ्या वाट्याला आली होती. ही मी स्वतः कमावली. म्हणून हे कलम; आणि ते बदलण्याचा अधिकार ट्विलालाही नाही.

कलम सहा. माझ्या अंत्यविधीत कोणी खेळाबद्दल बोलू नये. ट्विलाला बोलायचे असल्यास तिला अडवू नये. अडवून ती थांबणारही नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, त्यावर दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले, म्हणून ट्विला बाहेर गाडीत बसली आहे. आत काय लिहिले ते तिने विचारले नाही. दोनदा हॉर्न मात्र वाजवला.

ठिकाण: पायनी गॅप, केंटकी
तारीख: ९ ऑक्टोबर २०२५

(सही) आर्लीन नेपियर

साक्षीदार:
(सही) डॉइल केसिंजर, औषध दुकानदार
(सही) इमोजीन स्पार्क्स, शेजारीण