सहा पॉइंटातली पोटरीदुखी

४ मार्च
माफ कर, वही. सात महिने तुला उघडलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलंच नाही, असं लिहिणार होतो. पण ते खोटं. आळस केला.
आता घडलंय. कोलेस्टेरॉल वाढलंय. डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली. वडील बावन्नाव्या वर्षी हार्टने गेले, हे मीच त्यांना सांगितलं. एकही गोळी चुकवायची नाही. संकल्प.
छापखान्यात नवी खुर्ची मिळाली. उंच, रुबाबदार. प्रुफं आता वरून बघतो.

६ मार्च
गोळीच्या खोक्यातलं माहितीपत्रक आमच्याच छापखान्यातलं निघालं. प्रुफंही मीच तपासलेली! तेव्हा फक्त स्वल्पविराम पाहिले होते. आज अर्थ वाचला. सहा पॉइंटाच्या बारीक टायपात छापलंय : क्वचित स्नायू दुखणे.
संध्याकाळी दोन्ही पोटऱ्या दुखल्या. गोळ्या झाल्या होत्या दोन.

९ मार्च
गोळी तात्पुरती बंद. सोडलेली नाही, अभ्यास चालू आहे. ही रोज सकाळी पाण्याच्या ग्लासाशेजारी गोळी ठेवते. मी पाणी पितो. गोळी चष्म्याच्या जुन्या केसमध्ये. हिने विचारलं, घेतली ना? मी "हं" म्हटलं. "हं" म्हणजे "हो"च असं नाही. तरी दिवसभर मनाला लागून राहिलं.

११ मार्च
चहाच्या सुट्टीत मशिनकाकांना पत्रक वाचून दाखवलं, मी गोळी बंद केल्याचंही सांगितलं. काका आमचं ऑफसेट चालवतात. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसलाय, गोळी हीच. त्यांचेही पाय दुखतात म्हणे. मी म्हटलं, तुम्ही दिवसभर उभे असता हे खरं, पण छापलंय ते छापलंय. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही अक्षर न् अक्षर तपासणारा माणूस. तुम्ही बंद केली म्हणजे त्यात काहीतरी असणार."
मी त्यांना सोडा म्हटलं नाही. (घ्या असंही म्हटलं नाही. नोंद असावी.)

२५ मार्च
पंधरवडा उलटला, पोटऱ्या दुखतातच. निष्कर्ष : औषध अंगात मुरलंय.
ही पायांना तेल चोळत म्हणाली, "गोळीमुळे होत असेल तर डॉक्टरांना विचारू या. माझ्या हट्टापायी सोसू नका." मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या सांगणार.

२६ मार्च
सांगितलं नाही. ही कामात होती.

२ एप्रिल
मशिनकाका आले नाहीत. त्यांच्या मुलीचा फोन : सकाळी छातीत कळ आली, अ‍ॅडमिट केलंय. मशीन दिवसभर बंद. एक प्रूफ तीनदा वाचलं, काय वाचलं ते आठवत नाही.

३ एप्रिल
भेटून आलो. अजून एक स्टेंट बसला. धोका टळलाय. डॉक्टर माझ्यादेखत मुलीला सांगत होते, "पाय दुखले तर या. काहींना होतो त्रास. डोस कमी करू, गोळी बदलू. पण गुपचूप बंद करायची नाही. त्रास पत्रकात छापतात. न आलेला झटका कुठे छापणार?" वाक्यात एकही दुरुस्ती सुचली नाही.
गोळी का बंद केली, असं डॉक्टरांनी विचारल्यावर काका म्हणाले, "विसरायचो." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी सलाइनची बाटली बघत राहिलो.
निघताना काकांनी हळूच विचारलं, "साहेब, तुमच्या पोटऱ्या कशा आहेत?" मग म्हणाले, "त्या खुर्चीला उजव्या बाजूला एक खटका आहे. खाली घ्या. पाय लोंबतात तुमचे. रुबाबात बसला होतात, म्हणून बोललो नाही."

५ एप्रिल
परवाच खुर्ची खाली घेतली. दोन दिवसांत दुखणं गायब.
चष्म्याची केस हिच्यापुढे उघडली. तिने एकेक गोळी मोजली. मग एवढंच म्हणाली, "आणि मी तेल कशाला चोळत होते?" तिच्यासमोर गोळी घेतली. पुढच्या तपासणीला ही स्वतः बरोबर येणार आहे.
संध्याकाळी काकांच्या मुलीचा फोन : बाबा एवढं विसरायला लागलेत, तर डॉक्टर त्यांच्या मेंदूचीही तपासणी करू म्हणतायत. मी म्हटलं, "हं."

उद्या : दहाच्या राउंडला डॉक्टरांना सांगणे, काका विसरले नव्हते.